गाठ निघाली, हात राहिला

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत घर चालतं ते हातांवर. पूर्वेला नारायणगाव-मंचरच्या बागायती पट्ट्यात कांद्याची लागण, द्राक्षांची छाटणी आणि टोमॅटोची तोडणी. पश्चिमेला नाणेघाटापासून भीमाशंकरपर्यंतच्या डोंगरात भाताची आवणी आणि बाळहिरड्याची वेचणी. या कामांत मनगटाला आणि बोटांना सुट्टी नाही. म्हणून दंडाच्या आतल्या बाजूला एखादी गाठ उठली आणि तिला टोमॅटोच्या क्रेटची कड लागताच करंगळीपर्यंत करंट गेला, तर माणूस धसकतो. गाठ कसली, ही पहिली शंका. ती काढताना हातच लुळा पडला तर, ही दुसरी, आणि हातावर पोट असलेल्याला ती पहिलीपेक्षा मोठी.

आज या दोन्ही शंकांना बऱ्यापैकी भरवशाचं उत्तर आहे. हाताच्या नसेवरची अशी एकटी, सावकाश वाढणारी गाठ बहुतेक वेळा साधी असते, कर्करोगाची नसते. आणि ती काढण्यासाठी नस तोडावी लागत नाही. एवढं साधं वाटणारं हे उत्तर हाती यायला वैद्यकाला शंभराहून अधिक वर्षं लागली. त्यातलं बरंच काम युरोपात झालं. पण नस हाताने चाचपायची, तिची जाडी ओळखायची आणि तिला सुरी लावण्याआधी दहा वेळा विचार करायचा, हे आपल्या मुलखातल्या डॉक्टरांना शिकवलं ते एका वेगळ्याच आजारानं, कुष्ठरोगानं. हा इतिहास दोन्ही बाजूंनी सांगितला तरच पुरा होतो.

कार्टर यांची चित्रं आणि कार्टर यांचे रुग्ण

१८५८ साली हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे तरुण इंग्रज डॉक्टर मुंबईत आले. त्याच वर्षी लंडनमध्ये हेन्री ग्रे यांचं शरीररचनेवरचं पुस्तक निघालं. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या नावानं वैद्यकाचे विद्यार्थी ते आजही वाचतात. त्यातली तीनशेहून अधिक चित्रं कार्टर यांच्या हातची. तोवरच्या बऱ्याच पुस्तकांत चित्रातल्या भागांना बारीक अक्षरं किंवा आकडे दिलेले असत आणि त्यांचा खुलासा तळाशी शोधावा लागे. कार्टर यांच्या चित्रांत नसेचं नाव त्या नसेवरच, तिच्या वळणाबरोबर लिहिलेलं होतं. दंडातून उतरून कोपराच्या आतल्या हाडामागून वळणारी आणि करंगळीकडे जाणारी अल्नर नस वाचणाऱ्याला नावासकट डोळ्यांनी धरता येऊ लागली.

मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज तेव्हा अवघं तेरा वर्षांचं होतं. कार्टर तिथं शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवू लागले, शेजारच्या जमशेटजी जीजीभाई (जे. जे.) रुग्णालयात रुग्ण तपासू लागले. इथं त्यांना जे कुष्ठरुग्ण दिसले त्यांच्या कोपराच्या वर हात लावला की आत दोरखंडासारखी जाड झालेली नस लागे. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आखडलेलं असे, चटका बसला तरी कळत नसे. कुष्ठरोगानं मेलेल्या रुग्णांच्या नसा उघडून कार्टर यांनी त्या कुठं सुजल्या आहेत, आत काय झालं आहे, हे पाहिलं आणि १८६२ साली मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीच्या वृत्तांतात मांडलं. हा आजार कातडीवरच्या चट्ट्यांइतकाच नसांचा आहे, असं नॉर्वेच्या डॉक्टरांनी आधी नोंदवलं होतं. कार्टर यांनी ते इथल्या माणसांत दाखवून दिलं. पुढं काही वर्षं ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. १८७३ साली ते नॉर्वेला गेले. तिथल्या आरमॉर हान्सेन यांनी कुष्ठरोगाचा जंतू पाहिला तोही त्याच वर्षी. कार्टर यांचा कुष्ठरोगावरचा सचित्र ग्रंथ १८७४ साली आला.

याच कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेले डॉ. भाऊ दाजी लाड त्याच काळात कवठीच्या बियांच्या तेलानं कुष्ठरुग्णांवर उपचार करून पाहत होते. म्हणजे एका शहरात, एकाच आजाराच्या मागे, एक जण नस उघडून पाहत होता आणि दुसरा देशी झाडपाल्यातून औषध शोधत होता. दोघांनाही नसेतलं नुकसान भरून काढता आलं नाही. पण जाड झालेली नस हा आजाराचा पुरावा आहे आणि ती हातानं चाचपून सापडते, ही गोष्ट मात्र मुंबईच्या वैद्यकात रुजली.

जुन्नरकडे तेव्हा काय होतं? तालुक्यातल्या हिवरे इथं डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी कंपनी सरकारसाठी औषधी वनस्पतींची बाग केली होती. गिब्सन १८३८ ते १८४७ या काळात दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते आणि नंतर मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. हिवऱ्याच्या बागेतली औषधं लष्कराच्या वैद्यकीय भांडाराला जात. तापावर, पोटावर, दुखण्यावर या बागेत काही ना काही उगवत होतं. नसेवरच्या गाठीवर मात्र ना हिवऱ्याला काही होतं, ना लंडनला.

गाठ कुठून येते

नसेवर गाठ येते हे डॉक्टरांना ठाऊक होतं. जिनिव्हाचे लुई ओदिए यांनी १८०३ साली अशा गाठींना न्यूरोमा हे नाव दिलं. डब्लिनचे रॉबर्ट स्मिथ यांनी १८४९ साली त्यांच्यावर मोठा सचित्र ग्रंथ लिहिला. पण ही गाठ नसेतल्या नेमक्या कशापासून उगवते, हे कोडं सुटलं नव्हतं, आणि ते न सुटण्याची किंमत रुग्ण देत होते. गाठ आणि नस एकच, असं धरून चाललं की गाठीबरोबर नसेचा तुकडाही कापला जाई. गाठ जाई आणि हाताची पकडही जाई.

कोडं सुटायला काही पिढ्या गेल्या. थिओडोर श्वान यांनी १८३९ साली प्राण्यांच्या शरीरातल्या पेशींवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला होता. नसेतल्या तंतूंभोवती वेष्टण करून असणाऱ्या पेशींना पुढं त्यांचंच नाव मिळालं. १८८२ साली स्ट्रासबर्गचे फ्रिडरिश फॉन रेकलिंगहाउजेन यांनी अंगभर गाठी येणाऱ्या रुग्णांचा अभ्यास करून त्या गाठी नसांशी जोडलेल्या आहेत हे दाखवलं. त्यांना न्यूरोफायब्रोमा म्हणतात. १९१० साली प्रागमध्ये काम करणारे, मूळचे उरुग्वेचे होसे व्हेरोकाय यांनी एक वेगळी गाठ ओळखली. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातल्या पेशींची केंद्रकं समोरासमोर ओळी धरून उभी दिसत. त्या रचनेला आजही व्हेरोकाय यांचं नाव आहे. स्वीडनचे निल्स अँटोनी यांनी १९२० साली या गाठीचे दाट आणि विरळ असे दोन भाग वेगळे केले. आजच्या पॅथॉलॉजी रिपोर्टात ‘अँटोनी ए’ आणि ‘अँटोनी बी’ असे शब्द दिसतात ते त्यांच्यावरून.

शेवटची कडी न्यूयॉर्कमध्ये जुळली. मार्गारेट मरे आणि आर्थर पर्डी स्टाउट यांनी या गाठीतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि त्या श्वान पेशीच आहेत, असं १९४० साली मांडलं. म्हणूनच या गाठीला आज श्वानोमा म्हणतात.

शस्त्रक्रियेच्या दृष्टीनं सगळं इथं बदललं. एका नसेत शेकडो नव्हे, हजारो तंतू असतात आणि ते जुड्यांनी बांधलेले असतात. श्वानोमा उगवतो तो एखाद्याच जुडीतल्या वेष्टणातून. तो वाढतो तसा बाकीच्या जुड्यांना बाजूला सारतो. त्या तुटत नाहीत, गाठीच्या कवचावरून पसरून जातात. म्हणजे हाताला चालवणारे बहुतेक तंतू गाठीच्या बाहेर असतात. ते वाचवून आतली गाठ काढणं शक्य आहे. न्यूरोफायब्रोमात तंतू गाठीच्या आतून जातात, म्हणून तिथं काम अवघड होतं. दोन्ही गाठी साध्या, दोन्ही नसेच्या. पण एकीत नस राखणं सोपं आणि दुसरीत कष्टाचं. हा फरक कळल्यामुळे पुढच्या काळात कितीतरी हात वाचले.

युद्धातून आलेली साधनं

ज्ञान मिळालं तरी हाताला साधन लागतं. १८७३ साली जर्मन सर्जन फ्रिडरिश फॉन एस्मार्च यांनी हातापायातलं रक्त रबरी पट्टीनं वर सारून, वरच्या बाजूला आवळून, रक्तविरहित जागेत शस्त्रक्रिया करण्याची पद्धत रूढ केली. रक्तानं भरलेल्या जखमेत नसेतले तंतू दिसत नाहीत. कोरड्या जागेत ते दिसू लागले.

पहिल्या महायुद्धात गोळ्यांनी नसा तुटलेल्या सैनिकांवर उपचार करताना फ्रान्सचे ज्युल टिनेल यांनी १९१५ साली एक खूण नोंदवली. जखमी नसेवर बोटानं हळू टिचकी मारली की त्या नसेच्या टापूत मुंग्या येतात. टिनेल ती वापरत होते तुटलेली नस पुन्हा वाढते आहे का, हे पाहण्यासाठी. पण नसेवरची गाठ ओळखायलाही हीच खूण उपयोगी पडली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये हर्बर्ट सेडन यांनी नसेच्या इजांचे तीन प्रकार ठरवले: नुसती बधिर झालेली, आतून तुटलेली आणि पूर्ण तुटलेली. शस्त्रक्रियेनंतर हाताला बधिरपणा आला तर तो आपोआप जाईल की नाही, हे सांगायला त्यामुळे आधार मिळाला.

आणि सूक्ष्मदर्शक. स्टॉकहोमचे कार्ल-ओलोफ नायलेन यांनी १९२१ साली कानाच्या शस्त्रक्रियेत तो वापरला. १९५३ साली झाइस कंपनीनं शस्त्रक्रियेसाठी खास बनवलेला सूक्ष्मदर्शक बाजारात आणला. केसाएवढ्या जुड्या वेगळ्या करणं आता डोळ्यांना आणि हातांना जमू लागलं.

कोंढव्याचे हात

याच सुमारास पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात डॉ. नोशिर अंतिया काम करू लागले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि इंग्लंडमध्ये सर हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली प्लास्टिक सर्जरी शिकून परतलेले हे सर्जन. त्या काळी कुष्ठरुग्णाला साध्या रुग्णालयात दाखल करून घ्यायलाही लोक कचरत. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीला शाबूत स्नायूंच्या कंडरा आखडलेल्या बोटांना जोडून हात पुन्हा उघडता येतो हे दाखवलं होतं. अंतिया यांनी तेच काम महाराष्ट्रात उभं केलं. पुढं जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला आणि अनेक वर्षं नसांच्या संशोधनात घालवली. डॉ. वनजा शेट्टी यांच्याबरोबर त्यांनी कुष्ठरोगातल्या नसांवर मोठा ग्रंथ संपादित केला. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली.

नसेवरच्या गाठीच्या इतिहासात कोंढव्याचा आणि जे. जे.चा हा धागा फार मोलाचा आहे, कारण कुष्ठरोगातही नसेत गाठ येते. विशेषतः अल्नर नसेत पू साचून गळू होतं आणि कोपराच्या वर फुगवटा दिसतो. बाहेरून ते श्वानोमासारखं दिसू शकतं. पण उपचार निराळा. गळू असेल तर नसेवरचं आवरण उघडून ते मोकळं करायचं आणि कुष्ठरोगाची औषधं चालू करायची. श्वानोमा असेल तर गाठ कवचासकट सोडवायची. आपल्याकडच्या डॉक्टरला नसेवर गाठ लागली की म्हणूनच आधी विचारावं लागतं: अंगावर बधिर चट्टा आहे का? पूर्ण नस जाड आहे की एकाच जागी गाठ आहे? दुसऱ्या हाताची नस कशी आहे? बोटांतली शक्ती आधीच गेली आहे का? श्वानोमात बहुधा चट्टा नसतो, नस एकाच जागी फुगते आणि शक्ती बऱ्याचदा शाबूत असते. कुष्ठरोग असेल तर त्यालाही आता भिण्याचं कारण नाही. १९८०च्या दशकापासून बहुऔषधी उपचारानं तो पूर्ण बरा होतो आणि ती औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. निदान वेळेत झालं तर हात वाकडा होत नाही.

टेबलावर

आता खुद्द शस्त्रक्रियेकडे पाहू. नसेवरची गाठ तपासताना डॉक्टर ती दोन बोटांत धरतात. ती आडवी, इकडून तिकडे हलते. पण हाताच्या लांबीच्या दिशेनं, वर-खाली हलत नाही. कारण दोन्ही टोकांनी तिला नसेनं बांधून ठेवलं आहे. टिचकी मारली की मुंग्या ठरावीक बोटांत जातात: अल्नर नसेवर असेल तर करंगळीत, मीडियन नसेवर असेल तर अंगठ्यापासूनच्या तीन बोटांत. एवढ्यावरही जाणकार डॉक्टरला पुष्कळ कळतं. मग सोनोग्राफीत गाठीच्या दोन्ही टोकांना शेपटीसारखी नस जोडलेली दिसते. एमआरआयमध्ये गाठीचा आकार, खोली आणि नसेशी असलेलं नातं स्पष्ट होतं. सुई टोचून तपासायची घाई इथं करत नाहीत. सुई नसेत गेली तर जीवघेणी कळ येते आणि चांगल्या तंतूंनाही इजा होऊ शकते.

शस्त्रक्रियेला पूर्ण भूल देतात, नाहीतर गळपट्टीच्या हाडाजवळ किंवा काखेत इंजेक्शन देऊन पूर्ण हात बधिर करतात. छेद हाताच्या लांबीच्या दिशेनं घेतात. थेट गाठीवर हात घालत नाहीत. आधी गाठीच्या वरची आणि खालची निरोगी नस मोकळी करून तिच्याभोवती मऊ रबरी पट्ट्या घालतात. मग गाठीकडे येतात. पिवळसर, चकचकीत, गोल गाठ, आणि तिच्या अंगावरून पसरलेले पांढरे धागे. हे धागे म्हणजेच रुग्णाची बोटं. सूक्ष्मदर्शकाखाली, विजेच्या बारीक झटक्यानं तपासत, कुठल्या जागी धागे नाहीत ती फट शोधतात. रक्त अडवण्यासाठी हाताला वर आवळलेली पट्टी फार वेळ राहिली तर रक्त न मिळाल्यानं नस झटक्याला उत्तर देणं थांबवते, म्हणून हे काम वेळेचं भान ठेवून करावं लागतं. फट सापडली की त्या जागी लांबीच्या दिशेनं छोटा छेद. एक पापुद्रा, दुसरा पापुद्रा, मग गाठीचं खरं कवच. तिथं पातळी बरोबर लागली की गाठ सुटू लागते. भिजलेल्या वालाचं साल चिमटीत धरून दाबलं की आतली डाळिंबी अलगद बाहेर येते, तशीच ही गाठ नसेच्या आवरणातून बाहेर येते. शेवटी एखादा बारीक धागा गाठीत शिरून दुसऱ्या टोकानं निघताना दिसतो. ज्या जुडीतून गाठ उगवली तीच ही. बहुतेक वेळा ती आधीच निकामी झालेली असते. झटका देऊन खात्री करतात आणि तेवढीच कापतात. बाकीची नस जागच्या जागी राहते.

गाठ पॅथॉलॉजीकडे जाते. व्हेरोकाय आणि अँटोनी यांनी सांगितलेल्या खुणा तिथं सापडतात. काही दिवस, कधी काही आठवडे बोटांत बधिरपणा राहू शकतो. बहुतेकांचा तो जातो. पूर्ण काढलेला श्वानोमा सहसा परत येत नाही. अनेक गाठी असतील, अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग असतील किंवा गाठ झपाट्यानं वाढून सतत ठणकत असेल, तर प्रकरण निराळं आणि तपासणी जास्त कसून करावी लागते. अशा काही आजारांची मुळं जनुकांत आहेत: न्यूरोफायब्रोमाच्या आजाराचं जनुक १९९० साली आणि दोन्ही कानांच्या नसांवर श्वानोमा येणाऱ्या आजाराचं १९९३ साली सापडलं.

पुणं लांब नाही, पण निदान जवळ हवं

हा सगळा इतिहास जुन्नर-आंबेगावच्या दारात येऊन थांबतो का? शस्त्रक्रियेपुरतं बोलायचं तर सूक्ष्मदर्शक आणि नसेच्या शस्त्रक्रियेचा सराव असलेले सर्जन पुण्यात आहेत, ससून रुग्णालयही तिथंच आहे, आणि पुणे-नाशिक रस्त्यानं नारायणगाव-मंचरहून तिथं सकाळी निघून दुपारी तपासून परत येता येतं. आहुपे किंवा नाणेघाटाच्या बाजूच्या माणसाला हा प्रवास जास्त जड जातो, पण अशक्य नाही. आणि ही गाठ सावकाश वाढणारी असल्यामुळे हंगाम उरकून जाण्याएवढी सवड ती सहसा देते.

अडचण त्याच्या आधी आहे. नसेवरची गाठ चरबीची समजून, सोनोग्राफी न करता, छोट्या दवाखान्यात भुलीचं इंजेक्शन देऊन काढायला घेतली, की नेमकं तेच होतं जे स्मिथ यांच्या काळात होत होतं: गाठीबरोबर नस कापली जाते. शंभर वर्षांचं ज्ञान एका टिचकीच्या आळसानं वाया जातं. दुसरीकडे कुष्ठरोगाच्या भीतीनं लोक जाड नस लपवतात आणि बोटं वाकडी झाल्यावर दवाखान्यात येतात.

अंतिया यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात याच गोष्टीवर बोट ठेवलं. मोठ्या रुग्णालयातला हा सर्जन पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात, परिंचे परिसरात, गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवू लागला. लोकांचं आरोग्य लोकांच्याच हाती असायला हवं, ही त्यांची धारणा होती. आज आशाताई घरोघर जाऊन बधिर चट्टे शोधतात. त्यांनाच नस चाचपायला, गाठ आडवी हलते की उभी हे पाहायला, टिचकी मारून मुंग्या कुठं जातात ते विचारायला शिकवता येईल. यासाठी ना यंत्र लागतं, ना पैसा.

नसेवरच्या गाठीची शस्त्रक्रिया पुण्याला झाली तरी काही बिघडत नाही. निदान मात्र मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात, घोडेगावच्या आणि जुन्नरच्या ग्रामीण रुग्णालयात, गावच्या उपकेंद्रात व्हायला हवं. ते तिथं झालं तर कार्टर यांच्यापासून अंतिया यांच्यापर्यंत सगळ्यांनी जे कष्ट उपसले, त्याचा हिशोब ज्याच्यासाठी ते उपसले त्या माणसापर्यंत पोहोचेल.